ओल काढणारी चिनी औषधं आणि पोट: शौचाला पातळ होणं म्हणजे ओल बाहेर पडणं का?

मोगरकळी

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ग्वांगझूला राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे 'हुईनानथ्येन' नावाचा काळ येतो. दक्षिणेकडून उबदार, ओली हवा आत शिरते आणि थंडीत गार पडलेल्या भिंतींना, फरशीला पाणी सुटतं. कपाटातले कपडे, पापड, मसाले सगळं सादळतं. याच दिवसांत माझं पोटही बिघडतं. चार घास खाल्ले तरी पोट तट्ट फुगतं, तोंडाला चव नसते, अंग जड होतं, डोकं कशाने तरी आवळून बांधल्यासारखं वाटतं. शौचाला चिकट होते, पोट साफ झालं असं वाटतच नाही.

इथल्या चिनी वैद्यबाईंनी नाडी बघितली, जीभ बघितली. जिभेवर जाड, चिकट पांढरा थर आणि कडेला दातांचे ठसे होते. प्लीहेत ओल साचली आहे असं सांगून त्यांनी काढ्याच्या पुड्या दिल्या. दूध, ताक, तळण, गोड आणि फ्रीजमधलं गार खाणं बंद करायला सांगितलं. त्याच सुमारास शेजारच्या आजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातला 'चोवीस चवींचा चहा' रोज प्यायला लावला. भयंकर कडू असतो.

फुगणं कमी झालं, भूकही लागायला लागली. पण आता दिवसातून अनेकदा पातळ होते आहे आणि थकवा वाटतो. आजी म्हणतात, उत्तम, ओल बाहेर पडते आहे, चालू ठेव. हे खरं आहे का? ओल निघताना पोटात नेमकं काय व्हायला हवं? ज्यांनी हा अभ्यास केला आहे त्यांनी जरूर लिहा.

समुद्रफेस

मी सिंगापूरला असतो. इथे वर्षभर दमट हवा, त्यामुळे 'अंगात ओल फार झाली आहे' हे वाक्य ऑफिसातही ऐकू येतं. माझा अनुभव साधा आहे. यीयीरन आणि लाल चवळीसारखे बारीक दाणे उकळून केलेलं पाणी प्यायलो की लघवी जास्त होते आणि पोट हलकं वाटतं. जुलाब कधी झाले नाहीत.

एक लक्षात ठेवा. सुपरमार्केटमध्ये बार्ली म्हणून मिळते ती जव. चिनी दुकानात 'चायना बार्ली' म्हणून मिळतं ते यीयीरन. ते वेगळंच धान्य आहे: दाणा मोठा, पांढरा आणि एका बाजूला खोल खाच असलेला. जवात ग्लूटेन असतं, यात नसतं. ज्यांना गव्हाचा त्रास आहे त्यांनी नीट बघून घ्यावं.

एकतारी

+१. माझ्या सासूबाईंनाही हाँगकाँगमध्ये हेच सांगितलं होतं की जितकं पातळ तितकं शरीर स्वच्छ. उत्तराची वाट बघते आहे.

नीरफणस

मोगरकळी ताई, मी चिनी वैद्यकाचं शिक्षण ग्वांगझूलाच घेतलं, म्हणून सविस्तर लिहिते. आधी तातडीचं: तो कडू चहा आजपासून थांबवा. काढा देणाऱ्या वैद्यबाईंना आजच फोन करून सांगा की पातळ होतं आहे आणि थकवा आहे. दोन गोष्टी एकत्र चालू असल्यामुळे त्यांना काढ्याचा परिणाम कळणारच नाही.

आता मूळ प्रश्न. चिनी वैद्यकात प्लीहा म्हणजे फक्त बरगडीखालचा तो अवयव नव्हे. अन्नातून सत्त्व काढणं आणि ते व पाणी शरीरभर पोचवणं हे सगळं काम त्या नावाखाली येतं. प्लीहा सत्त्व वर चढवते, जठर उरलेलं खाली ढकलतं. ही चढ-उतार मंदावली की पाणी जागच्या जागी साचतं, तीच ओल. 'ह्वांगदी नेइचिंग' या प्राचीन ग्रंथात म्हटलं आहे की ओलीने येणारी सूज आणि फुगणं यांचा संबंध प्लीहेशी आहे. ओलीमुळे डोकं गुंडाळल्यासारखं वाटतं, हेही वाक्य त्यातच आहे. तुम्ही वर लिहिलेलं लक्षण तेच.

ओल काढायच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येकीचा पोटावर होणारा परिणाम वेगळा आहे. गोंधळ होतो तो इथेच.

पहिली वाट सुगंधाची. हुओश्यांग, शारेन, पाइतौखौ ही तेलकट वासाची औषधं. ग्वांगडोंगमधलं हुओश्यांग म्हणजे पॅचौली, आपल्या गजऱ्यातल्या 'पाच'च्या कुळातलं झाड. शारेन वेलदोड्याच्या कुळातलं, ग्वांगडोंगमधल्या यांगछुनचं नावाजलेलं. यांनी ढेकर सुटतो, वायू सरतो, मळमळ कमी होते, भूक लागते. हे लवकर जाणवतं. त्यांचं तेल उडून जातं म्हणून ती काढ्यात शेवटची काही मिनिटंच टाकायची असतात. तासभर उकळली तर कडवट पाणी उरतं.

दुसरी वाट उष्ण आणि कडू औषधांनी सुकवण्याची. त्सांगचू, हौफो, छेनफी. छेनफी म्हणजे संत्र्यासारख्या फळाची मुरवलेली साल. शिनहुई गावची सर्वात चांगली, ती निदान ३ वर्षं मुरलेली असावी लागते. यांत ज्येष्ठमध घातलं की 'फिंगवेईसान' होतं. सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या पाठसंग्रहातलं (पाठ म्हणजे अनेक औषधांची ठरलेली कृती) हे चूर्ण आजही रोज लिहून दिलं जातं. जिभेचा जाड थर, जेवणानंतरचा जडपणा, आंबट ढेकर यांवर ते चांगलं. पण जास्त दिवस घेतलं तर तोंड कोरडं पडतं, तहान वाढते, शौचाला कोरडी आणि खड्याची होते. तसं झालं की ते थांबवायचं.

तिसरी वाट लघवीतून. फूलिंग, यीयीरन, त्सशिए, छछ्येनत्स. हे छछ्येनत्स आपल्या इसबगोलाच्या कुळातलं बी. चिकट बुळबुळ सुटते म्हणून कापडात बांधून उकळतात. आणि हे नीट वाचा: या वाटेचा जुना नियमच असा आहे की लघवी मोकळी करा म्हणजे शौच घट्ट होईल. आतड्यात चाललेलं पाणी मूत्राशयाकडे वळवायचं. त्यामुळे ही औषधं लागू पडली की पातळ शौचाला बांधली जाते. तुमच्या आजी म्हणतात त्याच्या बरोबर उलट.

चौथी वाट कडू आणि थंड औषधांची, ओलीबरोबर उष्णता असेल तेव्हाची. जिभेचा थर पिवळा, तोंड कडू, शौचाला घाण वास आणि जळजळ. यात ह्वांगल्येन, ह्वांगछिन येतात. ह्वांगल्येनमधलं बर्बेरिन हे द्रव्य चीनमध्ये जुलाबावरची साधी गोळी म्हणून औषधाच्या दुकानात मिळतं. काढ्यात ह्वांगल्येनचं दिवसाचं प्रमाण २ ते ५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. चोवीस चवींच्या चहातली बहुतेक औषधं याच थंड जातीची आहेत. तो चहा उन्हाळ्यात खूप तळकट खाल्लेल्या, घशात आग होणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. ज्याचा थर पांढरा, तहान नाही, अंग गार आणि जड, त्याने तो रोज प्यायला तर प्लीहा आणखी मंदावते. पातळ शौच, थकवा, पोटात गारवा ही त्याचीच चिन्हं.

उंबरठा

मी पोटविकारांचा डॉक्टर, नाशिकला. नीरफणस यांनी चहा थांबवायला सांगितलं ते योग्यच. माझी काळजी थोडी वेगळी आहे. मोगरकळी, शौचात रक्त, ताप, वजन कमी होणं किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागणं यातलं काही असेल तर काढे बाजूला ठेवा आणि रुग्णालयात जा. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त पातळ होत राहिलं तर शौचाची तपासणी, थायरॉइड आणि सीलिॲकची (ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची) चाचणी करून घ्या. जिआर्डियासारखा परजीवी असाच चिकट, दुर्गंधी मळ आणि फुगणं देतो आणि तो कोणत्याही जिभेवर दिसत नाही.

आणखी एक. तुम्ही काढा आणि दूधबंदी एकाच वेळी सुरू केली. दुधातली साखर न पचणं पूर्व आशियात खूपच जास्त आहे आणि आपल्याकडेही कमी नाही. फुगणं कमी झालं त्याचं श्रेय काढ्याला की दूध बंद करण्याला, हे आत्ता सांगता येणार नाही.

नीरफणस

डॉक्टर, पूर्ण सहमत. दूध ओल वाढवतं असं चिनी वैद्य सांगतात आणि त्यामागे तुम्ही म्हणता तेच निरीक्षण असणार. तपासणी करून मग औषध घेणं यात आमच्या शास्त्राचा काहीही अपमान नाही. चीनमधल्या मोठ्या पारंपरिक रुग्णालयांतही रक्त-लघवीच्या तपासण्या आणि एंडोस्कोपी रोज होतात.

कुडा

मी आयुर्वेदाचा वैद्य. हा धागा वाचताना 'आम', म्हणजे नीट न पचता साचलेला अन्नरस, आठवल्याशिवाय राहत नाही. जड, चिकट, पाण्यात बुडणारा, दुर्गंधी मळ, जिभेवर लेप, अरुची, अंगाला जडपणा. ही सामतेची, म्हणजे आम असल्याची, लक्षणं आम्ही रोज बघतो. आणि मोगरकळी यांच्या प्रश्नाशी नेमकं जुळणारं सूत्र आमच्याकडे आहे: आमातिसारात सुरुवातीलाच स्तंभन देऊन जुलाब बांधू नये, आधी आम पचवावा. म्हणजे आजींच्या म्हणण्यात एका विशिष्ट अवस्थेपुरतं तथ्य असू शकतं का? चिनी वैद्यकात असा विचार आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

मात्र दोन्हींची सरळ जुळणी करू नये असं मला मनापासून वाटतं. नागरमोथ्याचंच बघा. आमच्याकडे तो पाचन आणि ग्राही (मळ बांधणारा), ज्वरातिसारात पहिला आठवतो. चीनमध्ये तोच कंद श्यांगफू म्हणून यकृताची कोंडी आणि पाळीच्या तक्रारींसाठी वापरतात. नाव बघून पुडी बदलणाऱ्याने रुग्णाचं नुकसानच होतं.

नीरफणस

वैद्यराज, फार नेमका प्रश्न. होय, असा विचार आहे आणि तो सूचौच्या ये थ्येनशी (१६६७–१७४६) या वैद्याने सगळ्यात स्पष्ट मांडला. उष्ण-ओलीच्या तापात आतड्यात घाण अडकलेली असेल तर हलकं रेचन द्यावं, असं तो सांगतो. आणि पुढे जे म्हणतो ते या धाग्याचं उत्तर आहे. थंडीने आलेल्या तापात रेचन दिल्यावर शौच पातळ झाली की दोष संपला समजून थांबायचं. पण ओलीच्या तापात शौच पातळ आहे तोवर दोष उरलेला आहे. ती घट्ट झाली की ओल संपली, त्यानंतर पुन्हा रेचन मुळीच द्यायचं नाही.

म्हणजे ओल गेल्याची खूण बांधलेली शौच आहे. मधल्या टप्प्यात वैद्याने ठरवून रेचन दिलं असेल तर पातळ होणं अपेक्षित असतं. तेव्हासुद्धा आधी चिकट आणि अर्धवट होणारी शौच मोकळी होते, पोट हलकं वाटतं, जिभेचा थर पातळ होतो आणि माणसाला हुशारी येते. पाण्यासारखी होते, थकवा येतो, भूक मरते, तर ते बिघडणं आहे. 'पातळ होते म्हणजे बरं' हे अर्धंच वाक्य लोकांच्या तोंडी राहिलं आहे आणि त्याने खूप जणांची पोटं खराब झालेली मी बघते. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

रेचनाचा पाठही बघा. ली तोंगयुआनच्या 'चशीताओचवान'मध्ये रेवंदचिनी आणि ह्वांगल्येन आहेत, पण सोबत पाइचू आणि फूलिंगही आहेत, म्हणजे ढकलताना सांभाळणारी औषधं. हा ली तोंगयुआन (११८०–१२५१) म्हणजे ज्याने 'फीवेइलून' हा प्लीहा आणि जठरावरचा ग्रंथ लिहिला. युद्ध आणि उपासमारीच्या काळात त्याने रोगी बघितले आणि अतिथंड, अतिकडू औषधांनी खचलेली पचनशक्ती आयुष्यभर सावरत राहिला.

मोगरकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चहा बंद केला आणि वैद्यबाईंशी बोलले. त्यांना चहाचं माहीतच नव्हतं. त्यांनी पुड्या थांबवून 'शनलिंगपाइचूसान' दिलं आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शौचाची तपासणीही करायला दिली आहे. घरी काय खावं? भात चालतो का? ताकावाचून फार जड जातं.

नीरफणस

शनलिंगपाइचूसान योग्य दिशेचं आहे. त्यात ओल काढणं आणि प्लीहेला बळ देणं दोन्ही आहे. फूलिंग आणि यीयीरन पाणी खाली उतरवतात. कमळबी, रानकंद आणि पांढऱ्या पावट्यासारखे दाणे शौच धरून ठेवतात. थोडं शारेन जडपणा येऊ देत नाही. याचा परिणाम सावकाश दिसतो: आधी भूक नियमित होते, मग शौच आकार धरते, जिभेचा थर सगळ्यात शेवटी जातो. थर रोज खरवडून काढू नका, वैद्याला तो दिसायला हवा.

भात चालतो. मऊ भात, पेज उत्तम. यीयीरन स्वभावाने थोडं थंड, म्हणून तुमच्यासारखीने कोरड्या कढईत खमंग भाजून मगच उकळावं. दिवसाला ९ ते ३० ग्रॅम हे ठरलेलं प्रमाण आहे, तुम्ही खालच्या टोकाला रहा. यीयीरनसोबत लाल दाणे घ्याल तेव्हा ते अर्धे लाल आणि अर्धे काळे नाहीत हे बघा. तसे दाणे म्हणजे आपली गुंज. ती विषारी आहे आणि चीनमध्ये काही ठिकाणी नावाच्या गोंधळातून विकली गेली आहे.

तैवानचं 'स्सशनथांग' सूप तुमच्या घरात सहज बसेल. फूलिंग, कमळबी, रानकंद आणि छ्येनशी. छ्येनशी म्हणजे ज्याच्या लाह्या आपण मखाना म्हणून खातो तेच बी. तिथे डुकराच्या आतड्याबरोबर शिजवतात, तुम्ही नुसत्या तांदळाच्या पेजेत घाला. ताक मात्र पोट बांधलं जाईपर्यंत नको. नंतर ताजं, सुंठ-जिरं घातलेलं, दुपारी थोडं घेऊन बघा.

समुद्रफेस

हे सगळं उपयोगी पडतं याचा काही शास्त्रीय पुरावा आहे का? श्रद्धा म्हणून नाही, खरंच विचारतो आहे.

उंबरठा

आहे, पण थोडा आणि मिश्र. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सिडनीची एक चाचणी आली. चिडक्या आतड्याचे (आयबीएसचे) ११६ रुग्ण, तीन गट: एकाला ठरलेला पाठ, एकाला प्रत्येकाची प्रकृती बघून दिलेला पाठ, एकाला नकली औषध. ठरलेल्या पाठात हुओश्यांग, यीयीरन, हौफो, फूलिंग, ह्वांगल्येन अशी ओलीवरची बरीच औषधं होती. दोन्ही खऱ्या गटांना नकली औषधापेक्षा बरं वाटलं. उपचार संपल्यानंतर १४ आठवड्यांनी बघितलं तेव्हा सुधारणा टिकली ती प्रकृती बघून औषध दिलेल्यांचीच. पुढे २००६ मध्ये हाँगकाँगला जुलाबाच्या प्रकारावर दुसऱ्या एका ठरलेल्या पाठाची चाचणी झाली, त्यात नकली औषधाहून काही फरक दिसला नाही. यावरून मी रुग्णांना एवढंच सांगतो की घ्यायचंच असेल तर जाणकाराला दाखवून घ्या, दुकानातली तयार पुडी नको.

आणि मूत्रपिंडांचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो, कारण तो ओलीच्या औषधांशी थेट जोडलेला आहे. १९९०च्या सुमारास ब्रसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात 'फांगजी' म्हणून जे दिलं गेलं ते दुसऱ्याच झाडाचं होतं, ॲरिस्टोलोकिया कुळातलं. फांगजी हे सूज आणि ओल उतरवण्याचं जुनं औषध. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची सापसंद याच कुळातली आहे, हे इथल्या वाचकांनीही ध्यानात ठेवावं.

नीरफणस

डॉक्टरांनी लिहिलं ते प्रत्येकाने वाचावं. 'ग्वानमुथोंग' हे त्याच कुळातलं औषधही ओल-उष्णतेच्या पाठांत, विशेषतः 'लोंगतानशिएकानवान' गोळ्यांत होतं. चीन सरकारने २००३ साली त्यावर बंदी घातली आणि त्याच्या जागी निराळ्या कुळाचं मुथोंग आलं. म्हणून जुन्या साठ्यातल्या, लेबल नसलेल्या, कुणीतरी गावाहून आणलेल्या गोळ्या घेऊ नयेत. नोंदणी असलेल्या औषधालयातून, घटकांची नावं छापलेलंच घ्या.

एकतारी

माझी बहीण शेनझेनला असते, तिला पाचवा महिना आहे. उन्हाळ्यात उलटी-जुलाब झाले तर तिकडे सगळे 'हुओश्यांगचंगछी'च्या छोट्या बाटल्या घेतात. तिने घ्यावं का? यीयीरनची पेज तरी?

नीरफणस

दोन्ही नको. यीयीरन गरोदरपणात टाळायचं हे परंपरेनेच सांगितलेलं आहे. हुओश्यांगच्या बाटल्यांचं दोन प्रकारांत नीट बघावं लागतं. 'श्वेई' म्हणून मिळतं त्यात ४० ते ५० टक्के मद्यार्क असतो. गरोदर बाई, लहान मुलं, यकृताचे रुग्ण आणि गाडी चालवणार असलेला कोणीही, यांना ते देऊ नये. 'खौफूये' प्रकारात मद्यार्क नसतो, पण गरोदरपणात तोही डॉक्टरांना विचारूनच.

उंबरठा

याला जोडून: सेफॅलोस्पोरिन गटाचं प्रतिजैविक किंवा मेट्रोनिडाझोल चालू असताना ती मद्यार्काची बाटली अजिबात नको. चेहरा लाल होणं, धडधड, रक्तदाब कोसळणं असा गंभीर त्रास होतो, आणि जुलाबावर मेट्रोनिडाझोल तर सर्रास दिलं जातं. ज्येष्ठमध असलेले पाठ रक्तदाबाच्या रुग्णांनी फार दिवस घेऊ नयेत, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. एकतारी, बहिणीला उलटी-जुलाब झाले तर मीठ-साखर-पाण्याची जीवनरक्षक भुकटी सुरू करावी, आणि लघवी कमी झाली, ताप आला किंवा बाळाची हालचाल मंदावली असं वाटलं तर लगेच तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावं.